मशीन पॉलिशने गाडीचा रंग नेमका किती झिजतो?

गाडीला पॉलिश करायचं म्हटलं की दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतो, "मशीन लावू नकोस रे, रंग उडतो." दुसरा दर सर्व्हिसिंगच्या बिलात रबिंग-पॉलिश घालून घेतो आणि गाडी कशी आरशासारखी झाली म्हणून खूश असतो. पहिल्याची भीती अवाजवी आहे आणि दुसऱ्याची बेफिकिरी पुढे महागात पडणारी आहे. मुळात थर किती जाड असतो आणि एका वेळी त्यातला किती जातो, हे दोघांनाही ठाऊक नसतं. पहिल्यांदाच मशीन हातात घेणाऱ्याने हे आकडे आधी समजून घ्यावेत आणि मगच पॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडावं.

पत्र्यावर काय काय असतं

सगळं माप मायक्रॉनमध्ये. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ मायक्रॉन. अमेरिकन व्हिडिओ बघत असाल तर तिथे 'मिल' ऐकू येईल. १ मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन. मिल आणि मिलिमीटर यांची गल्लत करू नका, हिशोब कुठल्या कुठे जातो.

कारखान्यात उघडा पत्रा धुऊन विजेच्या भारावर चालणाऱ्या रंगाच्या टाकीत बुडवतात. हा ई-कोट, गंज रोखणारा, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर, २५ ते ३५. त्यावर बेस कोट, म्हणजे आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो. लाल, राखाडी, मोतिया, जो असेल तो. हा थर सगळ्यांत बारीक असतो, १२ ते २० मायक्रॉन. आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५०. गॅरेजमध्ये याला कुणी क्लिअर म्हणतं, कुणी लॅकर. चारही मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉन भरतात. काही नव्या कारखान्यांत वेगळा प्रायमर गाळून टाकतात, तिथे एकूण आकडा ८०-९० वरही येतो. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे तुमच्या गाडीचा सगळा थाटमाट एका कागदाच्या जाडीत बसतो.

पॉलिश करताना आपण यातल्या फक्त क्लिअरला हात लावतो. ओरखडा भरत नाही, बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचं क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणलं जातं. त्यामुळे ३ मायक्रॉन खोल ओरखडा पूर्ण घालवायचा तर तिथले ३ मायक्रॉन क्लिअर द्यावंच लागतं. यात पळवाट नाही. कुणी "आमच्या पॉलिशने रंग अजिबात जात नाही" असं सांगत असेल तर त्या बाटलीत तेल-मेण भरलेलं आहे. ते ओरखड्यात बसतं आणि दोन-चार वॉशमध्ये निघून जातं.

आता उरलेल्या क्लिअरपैकी किती वापरायचं? सगळं नाही. क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि थर जितका पातळ, तितकं ऊन खाली रंगापर्यंत जास्त पोचतं. या धंद्यात पाळला जाणारा संकेत असा, की गाडीच्या पूर्ण आयुष्यात ७ ते ८ मायक्रॉनच्या वर कारखान्याचं क्लिअर काढू नये. (हाच तो अमेरिकन ०.३ मिलवाला आकडा.) ४० मायक्रॉन क्लिअर आहे म्हणून ४० मायक्रॉन खर्चायला मोकळे, असा अर्थ कुणी काढू नये. टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेल्या गाड्या आपण रोज रस्त्यावर बघतो, त्यांचं क्लिअर उन्हापुढे हरलेलं असतं. त्या अवस्थेत पॉलिश काही करू शकत नाही. पॅनल पुन्हा रंगवायला द्यावं लागतं.

मग एका वेळी जातं किती?

ढोबळ आकडे देतो. रंगाचा कडकपणा, दाब, वेळ यांनी ते खाली-वर होतात, पण नवख्याला अंदाज बांधायला पुरतात.

ड्युअल ॲक्शन मशीन (याचा पॅड फिरता फिरता छोट्या घिरट्याही घालतो), मऊ फोम पॅड आणि सगळ्यांत सौम्य असं फिनिशिंग पॉलिश: १ मायक्रॉनच्या आत. तेच मशीन, मध्यम पॅड, मध्यम पॉलिश: १ ते २. मायक्रोफायबर किंवा लोकरीचा पॅड आणि त्यावर कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं खरबरीत पॉलिश: २ ते ४. रोटरी मशीन (याचा पॅड नुसता एका अक्षावर गोल फिरतो), लोकरीचा बफ आणि जाड कंपाउंड, म्हणजे आपल्या गॅरेजमधलं पारंपरिक रबिंग: ३ ते ६, आणि हात जड असेल तर त्याहून जास्त. आधी २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) मारून मग त्याचे चरे कंपाउंडने काढले तर ५ ते १० सहज गेले.

हे डोळ्यांसमोर येत नसेल तर दुसऱ्या बाजूने बघू. मध्यम आकाराच्या गाडीवर बाहेरून रंगवलेला भाग साधारण १० चौरस मीटर धरा. अख्ख्या गाडीवरून १ मायक्रॉन काढला तर जो माल निघाला तो १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे. ४० मायक्रॉनचं संपूर्ण क्लिअर गोळा केलं तर ते होतं ४०० मिलिलिटर. एकदा हलक्या हाताने केलेल्या पॉलिशने दोन-तीन चमचे गेले, तर रडण्यासारखं काही नाही. पण दर वर्षी ३ मायक्रॉनचं रबिंग करणाऱ्याचं गणित मांडा: तिसऱ्या वर्षी तो ८ च्या संकेतापलीकडे गेला, आणि गाडी अजून नव्यातच जमा आहे. रबिंग दर सर्व्हिसिंगला करायची गोष्ट नाही, असं मी ठामपणे सांगतो ते याच हिशोबावर. सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने बिलात आधीच लिहून ठेवलं असलं तरी "ते काढा" म्हणायला संकोच करू नका.

पॅडवर जमणारा पांढरा चिखल बघून नवखे घाबरतात. त्यातला मोठा भाग पॉलिशचाच असतो, थोडा क्लिअरचा. क्लिअर असलेल्या गाडीवर तो पांढराच येणार, गाडी काळी असो वा लाल. पॅडला गाडीचा रंग लागला तर मात्र हात तिथेच थांबवा. एक तर क्लिअर फुटून तुम्ही रंगापर्यंत पोचलात, नाहीतर गाडीला क्लिअरच नाही. जुन्या प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर यांच्यावर एकपदरी रंग असायचा, त्यात रंगच वरचा थर. तो पॅडवर उतरणं साहजिक आहे. शंका असेल तर मशीन लावण्याआधी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हाताने घासून बघा.

पहिली पायरी: गरज आहे का, हे ठरवा

आपल्याकडे बहुतेक गाड्यांचे चरे रस्त्यावर पडत नाहीत, पार्किंगमध्ये पडतात. सोसायटीत सकाळी एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा गाड्या पुसल्या जातात. रात्रभर बसलेली धूळ, त्यावर कोरडं नाहीतर अर्धवट ओलं फडकं, आणि तेही गोल-गोल. उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात त्या या. यातल्या बहुतेक १ ते ३ मायक्रॉनच्या असतात आणि पॉलिशने जातात.

दुसरा प्रकार बोअरच्या पाण्याचे डाग. जड पाणी उन्हात सुकलं की गोल पांढरे ठसे राहतात. यांच्यावर लगेच मशीन नको. आधी डागांसाठी मिळणारं सौम्य आम्लाचं वॉटर स्पॉट रिमूव्हर लावून, बाटलीवर सांगितलेल्या वेळेत धुऊन बघा. वर बसलेला क्षार त्याने निघतो आणि क्लिअरचा एक कणही जात नाही. क्लिअरमध्ये खड्डा पडून बसलेले डाग उरले तरच पॉलिशचा विचार. पक्ष्यांच्या विष्ठेच्या डागांचंही तसंच: धुतल्यावर खड्डा उरला तरच पॉलिश.

तेव्हा आधी गाडी नीट शाम्पूने धुवा, क्ले बारने (रंगावरची घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा) चिकटलेली घाण काढा, कोरडी करा आणि सावलीत नेऊन टॉर्च तिरपा धरून बघा. हात फिरवला तर खरखर लागते का? लागत असेल तर क्ले पुन्हा. ही मेहनत टाळली तर ती घाण पॅडखाली येते आणि तुम्ही पॉलिश करता करता नवे चरे पाडता.

ओरखड्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. कडा थोड्या गोलसर झाल्या की दोन हातांवरून तो दिसेनासा होतो. तिथे थांबणं यातच शहाणपण आहे. माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या गाडीवर शंभर टक्के चरे काढण्याचा हट्टच चुकीचा आहे. शेवटचे दहा-वीस टक्के चरे घालवायला जितकं क्लिअर जातं तितकं पहिल्या ऐंशी टक्क्यांनाही जात नाही.

दुसरी पायरी: मोजा

पेंट थिकनेस गेज ऑनलाइन काही हजार रुपयांत मिळतो. लोखंडी पत्र्यावर तो चुंबकीय तत्त्वावर चालतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटवर, म्हणजे धातूत उमटणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांवर. दोन्ही मोजणारा घ्या, कारण हल्ली काही गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची असते. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे हा गेज गप्प बसतो. प्लॅस्टिकवर आणि प्रत्येक थर वेगळा मोजायला अल्ट्रासॉनिक गेज लागतो, तो फार महाग. घरगुती कामाला त्याची गरज नाही.

गेजसोबत एक-दोन धातूच्या चकत्या आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या येतात. आधी उघड्या चकतीवर शून्य करा, मग पट्टी ठेवून तिच्यावर छापलेला आकडा येतोय का बघा. हे न करता घेतलेल्या मोजमापाला काही अर्थ नाही.

प्रत्येक पॅनलवर निदान पाच-सहा ठिकाणी मोजा आणि आकडे लिहून काढा. १०० ते १४० च्या दरम्यान आणि आजूबाजूच्या पॅनलशी जुळणारे आकडे म्हणजे बहुधा कारखान्याचा रंग. एका दारावर अचानक २००-२५० दिसलं तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ५०० च्या वर गेलात तर खाली ठोकर बुजवायला भरलेली पुट्टी आहे, मग विकणाऱ्याने "एकदम नॉन-ॲक्सिडेंटल" म्हणून कितीही शपथा घेतल्या असोत. दार उघडून चौकटीच्या आतल्या बाजूलाही मोजा. तिथे रंग मुळातच पातळ असतो आणि तिथे सहसा कुणी पॉलिश मारलेलं नसतं. बाहेरचा आकडा आतल्या आकड्याच्या खाली गेलेला दिसला तर आधीच्या मालकाने भरपूर रबिंग करून ठेवलंय असं समजा आणि त्या पॅनलवर मशीन लावू नका.

इथे एक अडचण ओळखून ठेवली पाहिजे. हा गेज चारही थरांची मिळून जाडी सांगतो. त्यातलं क्लिअर किती, हे तो सांगत नाही. १२० मध्ये ५० क्लिअर असू शकतं, नाहीतर ३५. दुसरं, घरगुती गेजची चूक एक-दोन मायक्रॉनची असतेच आणि आपण मोजू बघतोय तेही एक-दोनच मायक्रॉन. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही. पुठ्ठ्यात एक भोक पाडा, पॅनलच्या कडेला धरून त्याची जागा टेपने पक्की करा आणि त्याच भोकातून आधी पाच, नंतर पाच आकडे घ्या.

समजा बॉनेटवर आधी ११८, ११७, ११९, ११८, १२० आले. सरासरी ११८.४. पॉलिशनंतर ११७, ११६, ११८, ११७, ११७, सरासरी ११७. गेले १.४ मायक्रॉन. नुसते पहिले आकडे पकडले असते तर ११८ आणि ११७, म्हणजे १. तिसरे पकडले असते तरीही १, पण पाचवे पकडले असते तर ३. नंतरचं मोजमाप पत्रा थंड झाल्यावर, पॉलिशचं तेल पुसून घ्या. गरम पत्र्यावर आणि तेलाच्या थरावर आकडा फसवतो.

तिसरी पायरी: कडा टेपने झाका

रंग जळण्याचे बहुतेक प्रकार कडांवर आणि बॉडीच्या उठावदार रेघांवर होतात. ओला रंग कडेवरून वाहून बाजूला जातो, त्यामुळे तिथे थर आधीच पातळ. त्यात पॅड सपाट जागी आपला दाब पसरवतो, पण कडेवर तोच दाब एका रेघेत एकवटतो. सपाट भागावर १ मायक्रॉन घेणारा पॅड कडेवर त्याच वेळेत त्याच्या कितीतरी पट घेऊ शकतो. बॉनेटची कड, दाराची कड, चाकाच्या कमानीचा ओठ, दारावरून जाणारी धारदार रेघ: सगळीकडे मास्किंग टेप लावा. शेवटी टेप काढून ती जागा हाताने, फिनिशिंग पॉलिशने, दोन-चार हात फिरवून सोडून द्या.

प्लॅस्टिकच्या बंपरवर आणि आरशांच्या कव्हरवर वेगळा धोका. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती धरून ठेवतं. एका जागी मशीन रेंगाळलं की रंग मऊ होतो, सुरकुततो, गोळा होतो. तिथे गती कमी ठेवा आणि मधून मधून हाताचा मागचा भाग लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा.

चौथी पायरी: चाचणीचा चौकोन

अख्खी गाडी एका दमात करायला घेऊ नका. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा आणि सगळ्यांत सौम्य जोडीपासून सुरुवात करा: मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश. चरे किती गेले ते बघा. साठ-सत्तर टक्के गेले असतील तर अख्ख्या गाडीला तेच पुरे. नाही गेले तर आधी फक्त पॅड बदला, मध्यम घ्या, पॉलिश तेच ठेवा. तरीही नाही, तर पॉलिश एक पायरी वर. कंपाउंड सगळ्यांत शेवटी. यूट्यूबवर थेट कंपाउंडने सुरू करतात, कारण कॅमेऱ्यात अर्धा-अर्धा फरक भारी दिसतो. त्या गाडीचं क्लिअर पुढची दहा वर्षं कुणाला सांभाळायचं असतं!

या धंद्यात असं मानलं जातं की जपानी गाड्यांचं क्लिअर बहुधा मऊ आणि जर्मन गाड्यांचं बहुधा कडक. मऊ क्लिअरवर चरे पटकन जातात, पण नुसतं फडकं चुकीचं लागलं तरी नवे पडतात. कडक क्लिअर दाद देत नाही. तुमची गाडी कुठल्या गटातली, ते हा चौकोनच सांगेल.

नवख्याने मशीन ड्युअल ॲक्शनच घ्यावं. त्याचा पॅड गोल फिरता फिरता मध्यापासून जरा सरकलेल्या अक्षाभोवती छोट्या घिरट्याही घालतो, दाब जास्त झाला तर फिरणं आपोआप थांबतं. म्हणजे चूक माफ होते. रोटरी एकाच जागी एकाच अक्षावर फिरतं आणि माफ करत नाही. एका जागी चार-पाच सेकंद जास्त राहिलं तरी उष्णता आणि कट दोन्ही तिथेच साठतात. गॅरेजमधले जुने कारागीर रोटरीने सुंदर काम करतात, तो हात वर्षानुवर्षांचा असतो. घाईत मारलेलं रोटरी उन्हात लगेच ओळखू येतं: गाडी हलली की पृष्ठभागावर झुळझुळत्या चंद्रकोरी दिसतात. गाडी सावलीत ताब्यात दिली तर त्या घरी गेल्यावरच कळतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष काम

मशीनच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक काळी रेघ मारा. ही रेघ फिरताना दिसत असेल तर पॅड फिरतोय. ती थरथरत जागच्या जागी उभी राहिली तर दाब जास्त झाला. यापेक्षा स्वस्त आणि चांगला शिक्षक मिळणार नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात टेकवून पॉलिश पसरवा, मग सर्वांत कमी गतीवर चालू करा, नाहीतर काच, वायपर, शेजारची गाडी सगळ्यांवर शिंतोडे. मशीनवरच्या गतीच्या चकतीवर आकडा चार-पाचवर न्या. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत. मग त्याच चौकोनात उभे पट्टे. असे चार ते सहा फेरे. सुरुवातीला पॉलिश दुधाळ दिसतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पारदर्शक होतं आणि पॅडच्या मागे तेलाची पातळ झिलई राहते. ही झिलई तुटक, कोरडी व्हायला लागली की पॉलिश संपलं. त्यापुढे तुम्ही सुक्या पॅडने घासताय. थांबा.

मायक्रोफायबरने पुसा, मग पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून पुन्हा पुसा. तेल गेलं की खरं काय उरलंय ते दिसतं. तेलाखाली झाकलेले चरे गेले असं समजून पुढे जाणं, किंवा उलट, तेलाच्या झाकोळीला चरे समजून आणखी घासणं, दोन्ही याच पुसण्याने टळतं.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. एक पॅड अख्ख्या गाडीला चालत नाही; माखलेला पॅड कापतही नाही नीट आणि गरम मात्र होतो. गाडीला पाच-सहा पॅड लागतात, असू द्या.

जागा सावलीतली हवी. मे महिन्यात उघड्या पार्किंगमध्ये दुपारी काळ्या बॉनेटवर पॉलिश टाकाल तर ते पसरण्याआधीच सुकेल, आणि सुकलेलं पॉलिश धूळ होऊन पॅडखाली लोळेल. पहाटे किंवा संध्याकाळी करा. पावसाळ्यात उलट, दमट हवेत ते सुकायला वेळ घेतं. तेव्हा फेरे वाढवू नका, पुसताना दोन फडकी जास्त ठेवा.

बाहेर द्यायचं असेल तर

सगळ्यांनीच घरी मशीन चालवावं असं नाही. गाडी पॉलिश-कोटिंग करून देणाऱ्या स्टुडिओत द्यायचं असेल तर आधी सरळ विचारा: "दादा, गेज लावून आकडे दाखवता का? आधी आणि नंतर?" चांगला माणूस खूश होऊन दाखवतो, पॅनलनुसार लिहूनही देतो. "साहेब, आम्ही इतकी वर्षं करतोय, गेज-बिज लागत नाही," असं उत्तर आलं तर गाडी घेऊन परत या.

सिरॅमिक कोटिंग (क्लिअरवर चढवायचा पातळ, कडक संरक्षक थर) घेताना हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. कोटिंगचा थर सहसा एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असतो आणि तो चढवण्याआधी गाडी पॉलिश करतात. म्हणजे एका हाताने एक-दोन मायक्रॉन देऊन दुसऱ्या हाताने दोन-तीन क्लिअर काढून घेतलं जाऊ शकतं. नव्या गाडीला शोरूममधून निघताच कंपाउंड मारायची काही गरज नसते. फार तर हलकं फिनिशिंग. दर वर्षी 'मेंटेनन्स पॉलिश' करारात असेल तर ते कुठल्या पॅडने, कुठल्या पॉलिशने होणार, हे लेखी घ्या. पेंट प्रोटेक्शन फिल्मची, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची, गोष्ट निराळी. ती १५० ते २०० मायक्रॉनची असते आणि चरे स्वतःवर घेते.

पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर आकडा मोठा दिसतो म्हणून बिनधास्त होऊ नका. २५० मध्ये क्लिअर किती आणि प्रायमर किती, कोण जाणे. शिवाय कारखान्यात क्लिअर १३०-१५० अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं; गॅरेजच्या बूथमध्ये गाडीचं प्लॅस्टिक, वायरिंग सगळं जागेवर असल्यामुळे साधारण ६० अंशांवर थांबावं लागतं. तो रंग मऊ राहतो आणि पूर्ण कडक व्हायला आठवडे घेतो. शिवाय बूथमध्ये बसलेली धूळ काढायला त्याला एकदा वॉटर पेपर आणि रबिंग बहुतेक झालेलंच असतं. ताज्या रंगावर मशीन आणि कोटिंग दोन्हीला एक-दोन महिने थांबा.

नंतर

केलेले आकडे जपून ठेवा: तारीख, पॅनल, आधी, नंतर, कुठला पॅड, कुठलं पॉलिश. गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक पान पुरतं. पुढच्या वेळी हात शिवशिवला की ते पान उघडा आणि ७-८ मधले किती उरलेत ते बघा.

आणि सकाळच्या पुसण्याचं काहीतरी करा, नाहीतर सहा महिन्यांत जाळं परत येतं. गाडी पुसणाऱ्या दादांना पैसे तेवढेच द्या, पण बाहेरून फक्त काचा पुसायला सांगा आणि आठवड्यातून एकदा धुणं स्वतः घ्या: दोन बादल्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची, आणि वरून खाली. हे सांगितल्यावर त्यांनाही बरं वाटतं, काम कमी होतं.

हेडलाइट मात्र या सगळ्या हिशोबाबाहेर ठेवा. त्याची काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा स्वतःचा कडक थर असतो. पिवळेपणा म्हणजे तो थरच खराब झालेला. पॉलिशने पिवळेपणा जातो तेव्हा त्या थरातलं जे शिल्लक होतं तेही जातं, म्हणून घासून झाल्यावर त्याच दिवशी हेडलाइटसाठी मिळणारं यूव्ही कोटिंग किंवा फिल्म लावा. नुसतं चमकवून सोडलं तर काही महिन्यांत आधीपेक्षा जास्त पिवळे होतात.